लीप हँड : चिमूट चोख, मूठ अर्धी, पसा नाही

आपल्या स्वयंपाकघरात हात हेच माप असतं. मीठ चिमूटभर, तांदूळ मूठभर, शेंगदाणे पसाभर. या तीन मापांसाठी हात तीन वेगळी रूपं घेतो. चिमटीत बोटांची टोकं अंगठ्यावर येऊन टेकतात, मुठीत सगळी बोटं तळहातावर मिटतात आणि पशात तळहात स्वतःच खोलगट होतो. रोबोटचा हात घ्यायचा किंवा बांधायचा असेल, तर माहितीपत्रकातले आकडे वाचण्याआधी तो या तीन शब्दांवर घासून पाहावा.

लीप हँड हा पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात केनेथ शॉ, दीपक पाठक आणि सहकाऱ्यांनी तयार केलेला हात. २०२३ साली ‘रोबोटिक्स : सायन्स अँड सिस्टिम्स’ या परिषदेत तो मांडला गेला. तीन बोटं आणि एक अंगठा, प्रत्येकात चार सांधे, प्रत्येक सांध्याला स्वतःची मोटर, अशा एकूण सोळा मोटरी. करंगळी नाही. आराखडे आणि कोड मोफत मिळतात. सांगाडा थ्रीडी प्रिंटरवर छापायचा आणि मोटरी बाजारातून आणायच्या. कोडचा परवाना मोकळा आहे, पण कॅडच्या, म्हणजे भागांच्या आराखड्यांच्या, फाइल व्यापारी वापरासाठी नाहीत. हा हात बनवून विकायचा विचार असेल तर तो तिथेच थांबवा.

खर्च साधारण २,००० डॉलर, म्हणजे पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास, वर आयात शुल्क आणि कर. तुलनेला दक्षिण कोरियाच्या वोनिक रोबोटिक्सचा अलेग्रो हँड घ्या. त्यातही सोळाच सांधे, पण लीप मांडला गेला तेव्हा त्याची किंमत सुमारे आठपट होती. लंडनच्या शॅडो कंपनीचा हात तर एक लाख डॉलरच्या पुढे जातो. त्यामुळे एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला खरोखर परवडेल अशा बहुबोटी हातांमध्ये लीपची गणना होते.

या हाताचा खरा विचार बोटाच्या मुळाशी, मुठीच्या टेंगळात आहे. तो समजून घ्यायला स्वतःचा हात पुरतो. हात टेबलावर सपाट ठेवा आणि बोटं फाकवा, सहज फाकतात. आता बोटं मुळाशी काटकोनात वाकवा आणि तशीच फाकवून पाहा, जेमतेम हलतात. कारण हाडाचं डोकं पूर्ण गोल नसतं. सांध्याच्या दोन्ही बाजूंचे अस्थिबंध बोट सरळ असताना सैल असतात आणि बोट वाकलं की ताणून घट्ट बसतात. मूठ पक्की राहते ती बरीचशी यामुळेच. बोटं बाजूला सरकू नयेत म्हणून स्नायूंना वेगळी मेहनत घ्यावी लागत नाही.

यंत्रात अस्थिबंध नसतात, अक्ष असतात. फाकण्याचा अक्ष तळहातावर उभा रोवला तर सरळ बोट छान फाकतं, पण काटकोनात वाकवल्यावर तोच अक्ष बोटाच्या लांबीशी समांतर होतो आणि बोट नुसतं स्वतःभोवती पिळलं जातं. अलेग्रोने उलटा मार्ग घेतला. त्याचा पहिला अक्ष सरळ बोटाच्या लांबीच्या दिशेने आहे, त्यामुळे वाकलेलं बोट बाजूला झुलतं आणि सरळ बोट फाकत नाही. लीपच्या रचनाकारांनी सांध्यांचा क्रम बदलला: आधी वाकणारा सांधा, त्याच्या पुढे फाकणारा. फाकण्याचा अक्ष वाकण्याबरोबरच फिरतो आणि बोटाला कायम काटकोनात राहतो. म्हणून हे बोट सरळ असो वा वाकलेलं, दोन्ही अवस्थांत बाजूला हलतं. इथे यंत्राने माणसाच्या सांध्याची हुबेहूब नक्कल केलेली नाही, त्याच्या पुढे एक पाऊल टाकलं आहे. ठोकळा हातातल्या हातात फिरवायचा असेल तर याचा थेट फायदा होतो, कारण ते सगळं काम अर्धवट वाकलेल्या बोटांनीच चालतं.

याची किंमतही आहे. माणसाच्या मुठीत जो भार अस्थिबंध फुकट पेलतात, तो इथे बाजूच्या मोटरीच्या गिअरवर येतो. जड वस्तू घट्ट धरून ठेवली की फाकण्याच्या मोटरी काहीही न हलवता वीज खात राहतात आणि तापतात.

दुसरा मोठा निर्णय मोटरी कुठे बसवायच्या याचा. माणसाच्या बोटांत स्नायू नसतात. बोटं मिटणारे मुख्य स्नायू कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात आणि लांब कंडरांनी बोटं ओढतात. शॅडोचा हात हीच वाट धरतो: मोटरी मनगटाखाली, बोटांत नुसत्या दोऱ्या. बोट सडपातळ राहतं, पण दोऱ्या ताणतात, झिजतात, तुटतात आणि ताण पुन्हा पुन्हा लावून घ्यावा लागतो. लीपमध्ये प्रत्येक मोटर तिच्या सांध्यातच बसवलेली आहे. एखादा सांधा बिघडला तर चार स्क्रू काढून मोटर बदलायची, बाकीच्या हाताला धक्का लागत नाही. विद्यार्थ्यांच्या हाती दिवसभर असणाऱ्या यंत्रासाठी हा निर्णय बरोबर आहे. मात्र मोटर २० × ३४ × २६ मिलिमीटरची, त्यामुळे बोट तिच्यापेक्षा बारीक होऊच शकत नाही आणि अख्खा हात आपल्या हातापेक्षा ठळकपणे मोठा दिसतो.

मोटरी डायनामिक्सेल मालिकेतल्या, ५ व्होल्टच्या. दोन पर्याय आहेत. स्वस्त आवृत्तीत एक्सएल३३०-एम२८८, वजन १८ ग्रॅम, गिअर प्लॅस्टिकचे, अडवून धरली असता जोर ०.५२ न्यूटन-मीटर. पूर्ण आवृत्तीत एक्ससी३३०-एम२८८, वजन २३ ग्रॅम, गिअर धातूचे, जोर ०.९३. दोन्हींत एका फेऱ्याचे ४,०९६ भाग मोजणारा एन्कोडर आहे, म्हणजे कोन मोजण्याची सर्वांत लहान पायरी ०.०९ अंशाच्या आसपास. आमचा कौल स्पष्ट आहे. नुसतं शिकायचं, दूरून हात हलवून पाहायचा, तर प्लॅस्टिकच्या गिअरची आवृत्ती पुरेल. मजबुतीकरणाच्या पद्धतीने (रीइन्फोर्समेंट लर्निंग), म्हणजे चुकत-सुधारत, यंत्राला शिकवायचं असेल, तर ते तासन्‌तास चुका करणार, टेबलावर आपटणार, बोटात बोट अडकवणार. तिथे प्लॅस्टिकचे दात टिकणार नाहीत. पैसे वाचवायला अंगठ्याला धातूच्या आणि बाकी बोटांना प्लॅस्टिकच्या मोटरी बसवण्याचा मोह होतो. तसं केलंत तर दोन्ही प्रकारांना प्रवाहाची मर्यादा वेगळी लावायला विसरू नका.

जोराचा हिशेब कागदावर आधी मांडून घ्या. ०.९३ न्यूटन-मीटर हा आकडा मोटर पूर्ण अडवल्यावरचा आणि तो काही क्षणच टिकतो. तेव्हा ती १.८ अँपिअर घेते. हाताबरोबर येणाऱ्या कोडमध्ये पूर्ण आवृत्तीसाठी मर्यादा ५५० मिलिअँपिअर सुचवली आहे, म्हणजे कमाल प्रवाहाच्या तिसऱ्या भागाहूनही थोडी कमी. जोरही साधारण त्याच प्रमाणात उतरतो, पाव न्यूटन-मीटरच्या थोडा वर. बोटाचं टोक मुळापासून १० सेंटिमीटरवर धरलं, तर टोकाला मिळतात सुमारे २.८ न्यूटन, जवळपास २९० ग्रॅमच्या भाराइतके. प्रौढ पुरुषाची चिमूट सात-आठ किलोंची असते.

एक लिटरची भरलेली बाटली दोन बाजूंनी दाबून उचलायची असेल आणि छापील प्लॅस्टिकचं घर्षण ०.५ धरलं, तर प्रत्येक बाजूला जवळपास १० न्यूटन दाब लागेल. रबराने घर्षण १ च्या आसपास नेलं तर ५ न्यूटन. म्हणजे टोकं उघडी ठेवली तर तीन बोटं एकत्र लावूनही बाटली घसरेल, आणि रबर चढवलं तरी प्रत्येक बाजूला दोन बोटांचा जोर लागेल. हातावर पहिला खर्च करायचा तो या रबरावर. नव्या कॅमेऱ्याला त्यानंतर पैसे ठेवा.

जुळणीला चार तास लागतात असं बनवणारे सांगतात. भाग छापून, साफ करून तयार असतील आणि मोटरींना क्रमांक दिलेले असतील तर ते खरं आहे. पहिल्यांदाच करणाऱ्याने छपाईचा वेळ सोडून दोन दिवस धरावेत.

भाग छापताना पेराच्या लांबीला आडवे थर पडणार नाहीत अशा रीतीने तो प्रिंटरच्या बेडवर ठेवा. थर बोटाच्या लांबीच्या दिशेने गेले पाहिजेत, नाहीतर वाकण्याच्या भाराने पेर थरांच्या सांध्यावरच मोडतं. स्क्रू बारीक आहेत. पॉवर स्क्रूड्रायव्हर वापरू नका, हाताने आवळा आणि अडलं की थांबा. प्लॅस्टिकमधले आटे एकदा गेले की तो भाग पुन्हा छापण्यावाचून गत्यंतर नाही.

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो क्रमांकांच्या घोळात. कारखान्यातून येणाऱ्या प्रत्येक मोटरीचा क्रमांक १ असतो आणि संदेशवहनाचा वेग ५७,६०० बॉड, म्हणजे सेकंदाला तितके बिट. सोळाही मोटरी संदेशाच्या एकाच तारेवर असतात, त्यामुळे एकाच क्रमांकाच्या दोन मोटरी जोडल्या की दोघी एकदम उत्तर देतात आणि संगणकाला काहीच कळत नाही. म्हणून एकेक मोटर एकटी जोडून तिला ० ते १५ पैकी क्रमांक द्या, वेग ४० लाख बॉड करा आणि लगेच तिच्या अंगावर मार्करने आकडा लिहा. तर्जनीला ० ते ३, मधल्या बोटाला ४ ते ७, अनामिकेला ८ ते ११, अंगठ्याला १२ ते १५. यातल्या ०, ४ आणि ८ या फाकण्याच्या मोटरी. इथे एक खाच आहे. क्रमांकाने फाकण्याची मोटर पहिली, पण यांत्रिक साखळीत वाकण्याची मोटर आधी येते. सिम्युलेशनमधला, म्हणजे संगणकावरच्या आभासी हातातला, सांध्यांचा क्रम आणि मोटरींचे क्रमांक एकच आहेत असं गृहीत धरून आकडे पाठवले, तर बोट वाकायच्या जागी बाजूला फेकलं जातं आणि शेजारच्या बोटावर आदळतं.

मोटरीवरची गोल चकती बसवताना तिच्यावरची खूण मोटरीच्या खुणेशी जुळवा. नंतर एखादा सांधा बरोबर ९०, १८० किंवा २७० अंश चुकीचा दिसला, तर कोड तपासत बसू नका. चकती चुकीची बसली आहे, ती काढून पुन्हा बसवा. उघड्या सपाट हाताची स्थिती प्रत्येक मोटरीसाठी १८० अंश, म्हणजे ३.१४ रेडियन धरलेली आहे. वीज देण्याआधी हात हाताने त्या स्थितीच्या जवळ आणून ठेवा.

वीजपुरवठा ५ व्होल्ट, ३० अँपिअरचा. सोळा मोटरी एकाच वेळी अडल्या तर २८.८ अँपिअर लागतील, त्या हिशेबाने हा आकडा येतो. मर्यादा लावलेली असताना ८.८ अँपिअरच्या आतच काम चालतं. पण सगळा प्रवाह एकाच बारीक साखळीतून नेऊ नका. मोटरींचे छोटे कनेक्टर ३ अँपिअरचे असतात; प्रत्येक बोटाला वेगळी वीज द्या, म्हणजे चार मोटरींचे मिळून २.२ अँपिअर सुखाने जातात. साखळीच्या शेवटी व्होल्टेज पडलं की बोटाच्या टोकाची मोटर मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होते आणि दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो.

संगणकाच्या बाजूला यूएसबी अडॅप्टरचा लेटन्सी टायमर (आलेला संदेश पुढे देण्याआधी थांबण्याचा वेळ) लिनक्सवर सहसा १६ मिलिसेकंदांवर असतो, तो १ वर आणा. नाहीतर कोड कितीही चांगला असला तरी हात अडखळत चालतो. मोटरी प्रवाहाची मर्यादा असलेल्या स्थाननियंत्रणाच्या पद्धतीत चालवायच्या. कोडमधले मूळ आकडे पी (चुकलेली जागा किती जोराने सुधारायची) ६०० आणि डी (हालचाल किती आवरायची) २००, प्रवाहाची मर्यादा स्वस्त आवृत्तीला ३५० आणि पूर्ण आवृत्तीला ५५०. बोट थरथरत असेल तर पी आणि डी दोन्ही खाली आणा. लाल दिवा लुकलुकत असेल तर मोटरीने जास्त भारामुळे स्वतःला बंद केलं आहे. वीज बंद करून पुन्हा चालू करा, आणि हे वारंवार होत असेल तर मर्यादा कमी करा. ती वाढवून प्रश्न सुटत नाही, मोटर जळते.

आता तीन मापं.

चिमूट जमते, आणि चांगली जमते. अंगठ्याला चार सांधे असल्याने तो तिन्ही बोटांच्या टोकांपर्यंत पोहोचतो. ठोकळा, चेंडू, मार्कर, कप या आकाराच्या वस्तू पकडणं आणि थोड्या फिरवणं या हाताचं घरचं काम. अडचण सुरू होते ती वस्तू बारीक झाली की. टेबलावरचं नाणं उचलताना आपण ते नखाने टोकवतो किंवा कडेपर्यंत ओढत आणतो. लीपला नख नाही आणि टोक जाड आहे. मोदकाच्या कळ्या ही तर याहून वरची परीक्षा. डावा हात पारी फिरवत राहतो, उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं कडेला अर्ध्या सेंटिमीटरच्या अंतराने चिमटत जातात, आणि पीठ पातळ होतंय पण फाटत नाही हे बोटांची कातडी सांगते. दोन सेंटिमीटरहून जाड टोकांना दोन कळ्यांमध्ये जागाच मिळत नाही.

मूठ अर्धीच आहे. हातोडी, कोयता किंवा जात्याचा खुंटा धरताना आपली अनामिका आणि करंगळी दांडा तळहातात रोवून ठेवतात. तर्जनी तिथे बरीचशी दिशा देण्याचं काम करते. करंगळी वगळल्याने लीपमध्ये दांड्याची मागची बाजू मोकळी राहते आणि ठोका बसला की दांडा त्याच बाजूने फिरतो. हलका स्क्रूड्रायव्हर धरता येईल, हातोडी चालवायला देऊ नका. शिवाय आपल्या कंडरा आणि मांस धक्का गिळतात, तर मोटरीचा वेग २८८ पट कमी करणारा गिअर तो धक्का सरळ स्वतःच्या दातांवर घेतो.

पसा नाहीच. आपल्या तळहातात करंगळी आणि अनामिकेकडची हाडं मुळाशी थोडी हलतात, अंगठ्याचा खोगिरासारखा सांधा दुसरी कड उचलतो, आणि मध्ये वाटी तयार होते. लीपचा तळहात ही एक ताठ पेटी आहे. दाणे, धान्य, माती असं सुटं काही त्यात थांबत नाही. वर ठेवलेला चेंडू बोटांनी कुंपण केलं तरच राहतो.

या सगळ्याहून मोठी उणीव कातडीची आहे. माणसाच्या एका हाताच्या तळव्याकडच्या कातडीत स्पर्शाचे सुमारे १७,००० चेतातंतू असतात. १९८० च्या दशकात रोलँड योहान्सन आणि गोरान वेस्टलिंग या स्वीडिश संशोधकांनी दाखवलं, की वस्तू किंचित घसरू लागली तर पकड सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात, आपल्या नकळत, घट्ट होते. वस्तू निसटणार नाही एवढाच दाब आणि वर थोडी सूट, असा हात सतत हिशेब करत असतो. लीपकडे मूळ रचनेत स्पर्शाचा एकही संवेदक नाही. मोटरीच्या प्रवाहावरून दाबाचा अंदाज घेता येतो, पण गिअरच्या घर्षणात हलका स्पर्श बुडून जातो. बोट भिंतीला टेकलं हे कळेल, द्राक्षाला टेकलं हे कळणार नाही. रांगोळीची रेघ काढताना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासून पूड सोडतात आणि धार जाड झाली की दाब आपोआप बदलतो. तो संवाद इथे संभवतच नाही. टोकांच्या जागी कॅमेऱ्यावर चालणारे स्पर्शसंवेदक बसवता येतात, पण मग टोक आणखी जाड होतं आणि तारांची सोय स्वतः करावी लागते.

माणसाच्या हाताचं कौशल्य या हातात उतरवायची रूढ वाट म्हणजे हातमोजा किंवा कॅमेरा. कॅमेऱ्याने हातावरचे २१ बिंदू ओळखायचे आणि त्यावरून सांध्यांचे कोन काढायचे. यात नवखे लोक एक चूक हमखास करतात. आपल्या सांध्यांचे कोन जसेच्या तसे लीपच्या सांध्यांना देतात. पेरांची लांबी वेगळी, अंगठ्याची बैठक वेगळी. आपली चिमूट मिटते तेव्हा लीपची टोकं एकमेकांपासून दूरच राहतात. कोन सोडा आणि अंगठ्याच्या टोकापासून प्रत्येक बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर आणि दिशा जुळवा. आपली टोकं टेकली की त्याची टेकलीच पाहिजेत ही अट सगळ्यात वजनदार ठेवा, बाकी बोटं थोडी वेडीवाकडी दिसली तरी चालतील. हात चालवणाऱ्यालाही अर्धा तास सराव द्या. स्पर्श जाणवत नसल्याने सुरुवातीला प्रत्येक जण गरजेपेक्षा जास्त दाबतो आणि मोटरी लाल होतात.

मागणी नोंदवताना सोळा नव्हे, अठरा मोटरी मागवा. तारांचा एक जादा संच आणि टोकांची चार जादा पेरंही छापून ठेवा. पहिल्यांदा जाणार आहे ती बहुतेक अंगठ्यातलीच एखादी मोटर, कारण प्रत्येक पकडीत ती असतेच.